‘कुठलेही दोन प्लम शेजारी लावा’: थंड प्रदेशातल्या बागांना नडणारा सल्ला

अमेरिकेतल्या मराठी बागप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दर वसंतात एक मेसेज फिरतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डकोटा अशा गारठ्याच्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी तो असतो. थोडक्यात मजकूर असा: थंडीत टिकणारा हायब्रिड प्लम एकटा फळत नाही, म्हणून कुठलेही दोन वेगळे वाण आणून शेजारी-शेजारी लावा. युरोपियन प्लम चालतो, चेरीही चालते. ‘टोका’ हा वाण आणलात तर दुसरं झाड लावायचीही गरज नाही. फुलं येऊन फळ धरत नसेल तर खत कमी पडतंय. आणि बुंध्यापाशी फुटणारे रानटी धुमारे दिसले की लगेच काढून टाका.

यातलं ‘एकटा फळत नाही’ एवढं बरोबर आहे. त्यापुढचं जवळजवळ सगळं चूक आहे. प्लमचं रोप लावल्यावर पहिलं फळ बघायला तीन-चार वर्षं जातात, आणि चूक कळते ती त्यानंतर. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे मे महिन्यात दोन झाडं पांढरीशुभ्र होतात आणि पुढे हाती काही लागत नाही. म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

“कुठलेही दोन वाण एकमेकांना पुरतात.”

सगळा घोळ इथेच आहे. हा मुद्दा समजायचा तर ही झाडं तयार कशी झाली ते बघावं लागतं.

जपानी प्लम, म्हणजे प्रूनस सॅलिसिना, फळाला मोठा आणि रसाळ. पण उत्तरेकडच्या हिवाळ्यात त्याचा निभाव लागत नाही. 30 जानेवारी 2019 ला मिनीयापोलिसमध्ये पारा उणे 33 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. असल्या रात्री या झाडाच्या फुलकळ्या तर जातातच, फांद्याही वाळतात. उलट तिथल्या ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला जाळी करून वाढणारा रानटी अमेरिकन प्लम, प्रूनस अमेरिकाना, या थंडीला भीक घालत नाही. त्याचं फळ मात्र लहान, आणि साल तुरट.

एकाचं फळ आणि दुसऱ्याचा काटकपणा एका झाडात आणायचं काम ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केलं, त्यांत नील्स हॅन्सन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. जन्माने डॅनिश असलेले हॅन्सन 1895 मध्ये साउथ डकोटातल्या ब्रूकिंग्जच्या कृषी महाविद्यालयात आले. काटक झाडांच्या शोधात रशिया-सायबेरियापर्यंत फिरले. ‘हॅन्स्का’ (1908), ‘कागा’ (1909), ‘टोका’ (1911) आणि ‘वानेटा’ (1913) हे त्यांचे वाण. यातल्या पहिल्या तिघांत अमेरिकन प्लमचा संकर प्रूनस सिमोनी या चिनी प्रजातीशी केलेला आहे. टोकाचं पिकलेलं फळ फोडलं की जो दाट, गोड वास येतो, तो या चिनी बाजूचा. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने एक्सेलसियरजवळच्या आपल्या फळ-पैदास केंद्रातून ‘अंडरवुड’ (1920), ‘ला क्रेसेंट’ (1923), ‘सुपीरियर’ (1933), ‘पाइपस्टोन’ (1942) असे वाण दिले. सुपीरियरचे आईबाप म्हणजे ‘बरबँक’ हा जपानी प्लम आणि हॅन्सन यांचा ‘कागा’. म्हणजे अंगणातल्या एका सुपीरियरमध्ये जपानी, चिनी आणि अमेरिकन अशा तीन प्रजाती नांदतात.

या सगळ्या प्रजातींत 16 गुणसूत्रं असतात, म्हणून संकर जमतो आणि झाड जोमदार वाढतं. अडचण येते ती परागकण तयार होताना. वेगवेगळ्या प्रजातींकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि बरेच परागकण पोकळ निघतात. सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. फुललेल्या हायब्रिडचे परागकोश काचपट्टीवर चुरडून त्यावर ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्याचा थेंब सोडला की भरीव कण लालबुंद होतात, पोकळ कण फिकट आणि सुरकुतलेले राहतात. रानटी प्लमची काचपट्टी शेजारी ठेवली की फरक सांगावा लागत नाही.

तरीही हेच हायब्रिड झाड फळ उत्तम धरू शकतं. प्लमच्या फुलात दोन बीजांडं असतात आणि फळ व्हायला त्यातलं एक पुरतं. म्हणजे आई म्हणून झाड समर्थ, बाप म्हणून दुबळं. अशी दोन झाडं शेजारी लावली की दोन आया जमतात, बाप कुठेच नसतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या लक्षात नेमकं हेच आलेलं नाही.

दुसरी अडचण वेगळी आहे. कण भरीव असला तरी तो चालेलच असं नाही. प्लमच्या फुलाला स्वतःचे परागकण ओळखता येतात. कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडलेला कण रुजतो, त्याची नलिका खालच्या दांड्यात उतरू लागते. प्रत्येक कणावर ओळखीची एक खूण असते आणि फुलाकडे अशा दोन खुणा असतात. कणाची खूण यातल्या एकीशी जरी जुळली, तरी फुलातलं एक विकर (एन्झाइम) त्या नलिकेची वाढ वाटेतच थांबवतं आणि ती बीजांडापर्यंत पोचत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य मानत, तसलाच हा नियम, फक्त इथे पळवाट नाही. एकाच वाणाची झाडं एकाच मूळ झाडाची कलमं असतात, म्हणून दोन सुपीरियर लावणं म्हणजे एकच झाड दोनदा लावणं.

आता मेसेजप्रमाणे खरेदी करून बघा. नर्सरीत मिळतात ते सुपीरियर आणि पाइपस्टोन, तर दोघांतही ‘बरबँक’चा अंश. अंडरवुड आणि ला क्रेसेंट घेतले, तर दोघांतही ‘शिरो’ या वाणाचा. नावं वेगळी असली तरी खुणा सारख्या निघण्याची शक्यता वाढलेली असते. वर परागकण मुळात कमी. मिनेसोटा विद्यापीठात विल्यम अॅल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकातच हे संकर एकमेकांवर तपासून बघितले होते. हायब्रिडच्या परागकणांवर हायब्रिड फळेल याचा भरवसा देता येत नाही, शुद्ध देशी (म्हणजे रानटी अमेरिकन) प्लमचे परागकण सर्वांत विश्वासाचे, ही गोष्ट तेव्हापासून माहीत आहे. तरी तो मेसेज फिरतोच.

म्हणून हायब्रिडांच्या जोडीला निदान एक तरी झाड रानटी अमेरिकन प्लमचं हवं, किंवा कॅनडा प्लमचं (प्रूनस नायग्रा). तेही नको असेल तर देशी प्लममधूनच निवडलेला ‘साउथ डकोटा’ हा वाण, किंवा हायब्रिड असूनही परागकणांना चांगला असलेला ‘टोका’. अंतर पंधरा-वीस मीटरच्या आत ठेवा. प्लमचे परागकण चिकट असतात, ते वाऱ्याने जात नाहीत, त्यांना मधमाशीच लागते.

“युरोपियन प्लम किंवा चेरीही चालते.”

नाही. ‘स्टॅनली’, ‘माउंट रॉयल’ हे युरोपियन प्लम, प्रूनस डोमेस्टिका. त्यांच्यात 48 गुणसूत्रं असतात, हायब्रिडांत 16. शेजाऱ्याचं माउंट रॉयल लगडलेलं दिसतं म्हणून कुणी फसू नये. ते स्वतःच्याच परागकणांवर फळतं, तुमच्या झाडाला त्याचा उपयोग नाही. चेरीचं नाव तर यात यायलाच नको. ‘सापा’, ‘ओपाटा’, ‘कंपास’ हे सँड चेरीचे संकर मात्र वेगळं प्रकरण आहे. ते आपसांत उपयोगी पडतात, पण बहुधा प्लमच्या मागून फुलतात.

“टोका एकटा पुरतो.”

टोका चांगला बाप आहे हे मी वर लिहिलंच आहे. पण त्याला स्वतःला फळ धरायचं असेल तर परका परागकण लागतो. काही नर्सऱ्या त्याच्या पाटीवर ‘स्वयंफलनक्षम’ असं लिहितात. त्यावर विसंबून एकटा टोका लावू नका.

यावर हमखास उत्तर येतं: “आमच्याकडे एकच टोका आहे आणि भरपूर लागतो.” किंवा, “आमच्याकडे दोनच हायब्रिड आहेत, काही अडत नाही.” मी त्यांना खोटं म्हणत नाही. त्यांनी फक्त आपल्या घरापासून पाच-सात मिनिटं चालत जाऊन मे महिन्यात कुंपणं आणि ओढ्याकाठ बघावेत. पानं फुटण्याआधी पांढऱ्या फुलांनी भरलेली काटेरी जाळी दिसली, तर बाप सापडला. मधमाशी एक-दोन किलोमीटर सहज हिंडते. गावाबाहेर, शेतांच्या कडेला राहणाऱ्यांना हे फुकट मिळतं आणि श्रेय टोकाला जातं. नवी वसाहत, सपाट लॉन, एकजात मेपल लावलेले रस्ते, अशा ठिकाणी तोच टोका रिकामा उभा राहतो. आणि आपली मराठी मंडळी बहुतेक अशाच वसाहतींत राहतात. पेरू-डाळिंबाचं एकुलतं झाड परसात फळताना बघितलेल्या माणसाला एकट्या झाडावर विश्वास ठेवावासा वाटतो, हे मला कळतं. प्लमची रीत तशी नाही.

“फळ धरत नाही, कारण खत कमी.”

जे झाड नखशिखांत फुलतं ते उपाशी नसतं. फळ न धरण्याची कारणं इथे मुख्यतः दोन, आणि ती फुलातच वाचता येतात. फुलोऱ्यात रात्री थंडी पडली असेल, तर सकाळी उशिरा चार-पाच फुलं नखाने उभी चिरून बघा. मधला स्त्रीकेसर काळा पडलेला दिसला, तर गोठवणाऱ्या थंडीने घात केला. पूर्ण उमललेल्या प्लमच्या फुलांतली दहातलं एक उणे दोन अंशांच्या आसपास मरतं, आणि उणे पाचला दहातली नऊ. केसर हिरवा असेल, तर पाकळ्या गळल्यावर दोनेक आठवडे थांबा. फळ धरलेल्या फुलाचं वाळकं आवरण फाटतं आणि आतून हिरवा दाणा फुगून वर येतो. परागीभवन न झालेल्या फुलाचा देठ पिवळा पडतो, आणि बोट लावताच सगळं देठासकट हातात येतं. असे पिवळे देठ झाडाखाली पसरलेले दिसले, तर दोष खताचा नाही, परागकणांचा आहे.

खत घालून नुकसानच होतं. उशिरापर्यंत नत्र मिळालेलं झाड सप्टेंबरातही कोवळी फूट काढत राहतं. ती पक्व होण्याआधी हिवाळा येतो आणि शेंडे मरतात. काटक वाणाचा काटकपणा असा हाताने घालवू नये.

फुलोऱ्याच्या आठवड्यात सतत पाऊस आणि गारठा असेल, तर तेवढ्या वर्षापुरतं कुणाचं काही चालत नाही. बारा-तेरा अंशांच्या खाली मधमाश्या फारशा बाहेरच पडत नाहीत. भुंगे थोड्या जास्त थंडीत काम करतात, म्हणून त्या आठवड्यात झाडावर आणि आसपास कीटकनाशक अजिबात मारू नका.

“बुंध्यापाशी फुटणारे रानटी धुमारे लगेच काढा.”

हा सल्ला एरवी ठीक आहे. खुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याच्या, मुळांतून फुटलेले धुमारे वाढू दिले तर कलमाला मागे टाकतात. पण इकडच्या बऱ्याच नर्सऱ्या हायब्रिड प्लम अमेरिकन प्लमच्याच खुंटावर बांधतात. म्हणजे ज्या बापाच्या शोधात तुम्ही पैसे घालता, तो पायाशी फुटतो आणि तुम्ही त्याला दर उन्हाळ्यात कापता. बुंध्यापासून दोन-तीन हात दूर फुटलेला एखादा जोमदार धुमारा ठेवा, बाकीचे काढा. ठेवण्याआधी तो कोण आहे याची खात्री मात्र करा. अमेरिकन प्लमचं पान लांबट, टोकदार आणि कडेला करवतीसारखे तीक्ष्ण दाते असलेलं, फांदीवर काटेरी आखूड फुटी. पान लहान आणि कडा बारीक, बोथट दात्यांची असेल तर खुंट मायरोबलान या वेगळ्या प्रजातीच्या प्लमचा असू शकतो, आणि त्यावर भिस्त ठेवू नये.

दुसऱ्या झाडाला जागाच नसेल तर रानटी प्लमची एक फांदी आपल्याच झाडावर बांधता येते. मार्चमध्ये, झाड झोपेत असताना, ओळखीच्या माणसाच्या जागेतून (सरकारी उद्यानातून नव्हे) पेन्सिलीच्या जाडीच्या गेल्या वर्षीच्या काड्या घ्या. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. त्याच कप्प्यात सफरचंदं ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूने काड्यांचे डोळे मरतात. एप्रिलअखेर, आपल्या झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की दक्षिणेकडच्या, उन्हातल्या फांदीवर पाचर कलम करा. दोन-तीन वर्षांत ती फांदी फुलते. तोवर दर मेमध्ये रानटी प्लमच्या अर्धवट उमललेल्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवा आणि पाणी रोज बदला. तीन-चार दिवस ती फुलं ताजी राहतात, आणि मधमाश्या फूल झाडावर आहे की बादलीत हे बघत नाहीत. कलम धरलं की त्या फांदीला रंगीत फीत बांधा. छाटणीच्या वेळी वेगळी, काटेरी, बारीक फांदी म्हणून पहिली कात्री तिच्यावरच चालते.