जीपीएस दिशा देतो, पण कोणती?
जीपीएसवरचा हा लेख चांगला आहे, पण ‘जीपीएस सुरू असला की होकायंत्राची गरज उरत नाही’ हे वाक्य खटकलं. जीपीएस सांगतो तुम्ही कुठे सरकताय. तोंड कुठे आहे ते नाही. सरळ रस्त्यावरच्या गाडीत दोन्ही एकच. पण आडव्या वाऱ्यातला ड्रोन घ्या, किंवा ओढीच्या पाण्यातली होडी: होडीचं नाक एकीकडे आणि होडी चालली भलतीकडे. आणि सिग्नलला थांबलात की संपलंच, नकाशावरचा बाण गरगरायला लागतो.

होकायंत्राशिवाय तोंडाची दिशा कशी काढतात, ही खरी गंमत लेखात राहूनच गेली. ॲक्सेलरोमीटर (वेगातला बदल टिपणारा सेन्सर) म्हणतो, पुढच्या अंगाला जोर बसला. त्याच क्षणी जीपीएसचा वेग पूर्वेकडे वाढला. म्हणजे ड्रोनचं नाक पूर्वेला! आर्डुपायलट या ड्रोन उडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही युक्ती आहे: दिशेचे अनेक अंदाज एकाच वेळी चालवायचे, न जुळणारे आपोआप मागे पडतात. मधल्या काळात वळणं जायरो मोजतो, पण तो हळूहळू घसरतो, त्याला सतत सावरावं लागतं. (पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यावरून उत्तर दिशा शोधणारे जायरो जहाजांवर असतात. फोनमधल्याचा तेवढा वकूब नाही.)

तरी फोनमधल्या होकायंत्राला सरसकट नावं ठेवू नका. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे अगदीच क्षीण. बाईकवरच्या चुंबकी होल्डरपुढे ते काय टिकणार? आधी फोन होल्डरमधून काढा, हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग बोला.