मोसंबीच्या रसाबद्दलची तुमची तक्रार

नमस्कार ताई,

शनिवारी रात्री आमच्याकडे मोसंबीचा रस प्यायल्यावर घरातल्या तिघांना उलट्या-जुलाब झाले, आम्ही सडकी फळं वापरतो, असं तुम्ही लिहिलंय. तिघांची तब्येत आता कशी आहे ते आधी कळवा.

फळं गिऱ्हाइकासमोरच सोलतो, त्यावर वाद घालत नाही. तुमच्या लिहिण्यात कामाची गोष्ट वेगळीच आहे: आजींनी बिनबर्फाचा घेतला आणि त्या ठणठणीत आहेत. रस एकाच जगमधला (भांड्यातला), फरक बर्फाचा. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, म्हणून तुमचा रिव्ह्यू वाचल्यापासून लादीचा बर्फ बंद आहे.

पण आजी पुढे सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, आल्या नव्हत्या, हेही तुम्हीच लिहिलंय. बाकीच्यांनी तिथे दहीवडा खाल्ला, शिकंजी घेतली. (आपली इंदुरी शिकंजी म्हणजे दुधाचाच प्रकार.) बाराला उलट्या सुरू झाल्या. स्टॅफ जंतूंचं विष अन्नात आधीच तयार असेल तर अर्ध्या ते ८ तासांत त्रास होतो. साल्मोनेला जंतूंना ६ तास ते ६ दिवस लागतात. म्हणजे आमचा रस, सराफा आणि त्याआधीचं घरचं जेवण, तिन्ही बघायला हवं. सराफ्यावर ढकलून मी मोकळा होत नाहीये.

आंबट रसात जंतू टिकत नाहीत असं आमच्या धंद्यात सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ओडवाला कंपनीच्या न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय हा जंतू पसरला होता, एक तान्हं मूल दगावलं. मोसंबीचा रस तापवला तर कडवट लागतो, म्हणून आम्ही कच्चाच विकतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांनी तो टाळावा, अशी पाटी आता काउंटरवर लावली आहे.

फूड सेफ्टीच्या ऑफिसात कळवलंय. बर्फ आणि टाकीचं पाणी तपासायला सांगितलंय. शनिवारची लादी मात्र केव्हाच वितळली. त्यामुळे नव्या लादीचा रिपोर्ट चांगला आला तरी तो मी तुमच्यासमोर नाचवणार नाही. खरं काय ते शौचाच्या तपासणीतच कळेल, आणि तीही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी केलेली बरी. ती झाली असेल तर रिपोर्ट, आणि प्रत्येकाने शुक्रवारपासून काय-काय खाल्लं, किती वाजता, एवढं लिहून पाठवा. नंबर बिलावर आहे. सकाळी ११ नंतर फोन मीच उचलतो.