लेप्टोला घरपण कसं द्यावं

डिस्चार्ज घेऊन घरी आलो. सहा रात्रींनंतर स्वतःच्या सोफ्यावर टेकतोय, तोच मागच्या डक्टमध्ये धप्प आवाज झाला. वरच्या कुठल्याशा खिडकीतून पिशवी आली होती. गाठ मारलेली, आत बहुधा कालचा मसालेभात. तेव्हाच ठरवलं, लेप्टोच्या, म्हणजे उंदराच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात आणि तिथून माणसात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, ज्या जिवाणूसाठी आमची अख्खी सोसायटी एवढी झटते, त्याच्या संगोपनावर चार शब्द लिहायलाच हवेत. तुमच्याकडेही तो सुखाने नांदो.

पाहुणा अगदी नाजूक. जाडी जेमतेम 0.1 मायक्रोमीटर, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही, काळ्या पार्श्वभूमीचा खास सूक्ष्मदर्शक लागतो. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरची वायर आठवते? तशी पिळदार अंगकाठी आणि टोकाला आकडा. पीतज्वराने गेला असं समजलेल्या एका अमेरिकन रुग्णाच्या मूत्रपिंडात 1907 साली स्टिमसन यांना तो दिसला. आकार प्रश्नचिन्हासारखा, म्हणून नाव पडलं ‘इंटेरोगान्स’, म्हणजे प्रश्न विचारणारा. आमच्या सोसायटीत प्रश्न विचारणारा तेवढा एकच रहिवासी आहे.

त्याचा मूळ मुक्काम उंदराच्या मूत्रपिंडात. उंदराला काही होत नाही, तो मजेत हिंडतो आणि लघवीवाटे महिनोन्‌महिने जिवाणू सोडत राहतो. कुत्री, गुरं, डुकरंही ही सेवा करतात. पण उंदरांचं शेवटी बोलू, तो विषय मोठा आहे.

पाणी भरलं की आधी बूट काढा. नवे बूट हातात उंच धरायचे आणि अनवाणी पाण्यात उतरायचं. मुंबईत हिंदमाताला दर पावसाळ्यात ही मिरवणूक निघते. बूट दोन हजारांचे असतात, पाय फुकट मिळालेले. मला तर तेवढं लांबही जावं लागलं नाही. डक्ट तुंबून आमच्याच पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं आणि मी पँट वर दुमडून स्कूटर बाहेर काढायला गेलो.

पायाला जखम असल्यास उत्तम. भेगाही चालतात.

पाण्यातून चालून आलात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्या, असं महापालिका दरवर्षी कानीकपाळी ओरडते. (गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी डॉक्टर वेगळं औषध देतात.) तुम्ही आल्याचा चहा घ्या. मी घेतला, दोन कप.

मग जिवाणू साधारण आठवडा-दोन आठवडे गप्प असतो, म्हणजे ताप येईपर्यंत पाण्याची आठवणसुद्धा उरत नाही. पोटऱ्या मात्र अशा दुखतात की चादरीचा स्पर्श नको होतो. अशा वेळी केमिस्टच्या काउंटरवर जाऊन ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणायचं. मूत्रपिंडात आधीच एक पाहुणा ठाण मांडून बसलाय, त्याच्या सोबतीला वेदनाशामकही जाऊ दे.

डोळे लाल झाले? ‘डोळे आलेत’ म्हणा.

रक्त दुसऱ्याच दिवशी तपासून घ्या. अँटिबॉडी दिसायला आठवडाभर लागतो, तेव्हा रिपोर्ट बहुधा निगेटिव्हच येईल. तो फोनमध्ये जपून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला नव्हे, बायकोला गप्प करायला. आणि डोळे पिवळे पडले तर गावाहून काविळीची माळ मागवा. माळ लांबत जाते, तोवर लघवी कमी होत जाते.

इथे एक आठवण. जठरातल्या अशाच पिळदार जिवाणूवर, हेलिकोबॅक्टरवर, काम करणाऱ्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो जिवाणू मुद्दाम पिऊन स्वतःला आजारी पाडलं. 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या इमारतीतली निम्मी माणसं छातीभर पाण्यातून चालत घरी आली, आणि पाठोपाठ शहरात लेप्टोची साथ आली. म्हणजे प्रयोग आपणही केला. शिकलो काय, तर अजून ती हकीकत पाहुण्यांना रंगवून सांगतो आणि सांगता सांगता पिशवी खिडकीतून खाली सोडतो.

हं, तर उंदीर. महापालिकेची माणसं रात्रभर काठी आणि बॅटरी घेऊन अंधारात उंदीर मारत फिरतात. त्यांनी मारावेत आणि आम्ही पोसावेत. ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा, सगळं आहे. लिफ्ट आहे. लिफ्ट! बटण दाबायचं, खाली यायचं, डब्यात टाकायचं. पण नाही. विचारायला गेलं तर ‘मुक्या जिवांसाठी टाकते हो, कबुतरं खातात.’ रात्री अकराला कोणतं कबुतर मसालेभात खातं, काकू? आणि ते मुके जीव रात्री काय करतात, ते माझ्या किडनीला विचारा.

आणि त्या डक्टमध्ये उतरतं कोण? तुम्ही नाही, मी नाही. आमचा सफाईवाला उतरतो, रबरी चपलेवर, घोट्याच्या वर चिखलात. काल त्याच्या नडगीवरची जखम बघितली, पत्र्याने कापलेली, उघडी. जूनच्या सभेत त्याला गमबूट आणि हातमोजे द्यायचा विषय निघाला होता. लॉबीच्या फॉल्स सीलिंगवर पाऊण तास वाद घालून झाल्यावर पाच मिनिटांत ठराव: ‘कंत्राटदाराने द्यावेत.’ माझाही हात वर होता, खोटं कशाला बोलू.

मला सलाइनमधून औषध मिळालं, मेडिक्लेम होता. तो तापात दोन दिवस घरी बसेल आणि पगार कापतील म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चिखलात उभा राहील. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला की सभा बोलवायला वेळ मिळत नाही. आपल्या शिळ्या भातासाठी माणूस मारायला निघालोय आपण. लाज वाटू द्या जरा. पिशवी टाकणाऱ्यांनो, उद्यापासून खाली उतरा, पाय शाबूत आहेत तुमचे. आणि कमिटीने कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडत बसू नये. गमबूट नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. माप आठ नंबर, मी त्याला विचारून ठेवलंय.