दोघांना मूल नको, मग ऑपरेशन तिचंच का?

दोन मुलं झाली, आता पुरे, यावर आजकाल नवराबायकोत फारसं दुमत नसतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलांची संख्या, 1.7 वर आलेला दिसतो. खरं बोलणं व्हायला हवं ते पुढच्या प्रश्नावर, आणि तिथं घरोघरी शांतता: ऑपरेशन कुणाचं? त्याच पाहणीनुसार राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी साधारण 49 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली. हा वैद्यकीय निर्णय नव्हे, ही सरळसरळ सवय आहे.

वैद्यकीय हिशेब उलटाच सांगतो. बाईच्या ऑपरेशनात पोटाच्या आत शिरावं लागतं, मग ते टाक्याचं असो की दुर्बिणीचं. ज्या गर्भनलिका बंद करायच्या त्या आत असतात, शेजारी आतडी आणि मूत्राशय. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या, अंडकोशाच्या कातडीखाली बोटांना लागतात. बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढीच जागा इंजेक्शननं बधिर करतात, मध्यभागी टोकदार चिमट्यानं बारीक भोक पाडतात आणि त्या एकाच भोकातून आळीपाळीनं दोन्ही वाहिन्या बाहेर घेतात. प्रत्येकीचा सेंटिमीटरभर तुकडा काढून टोकं बांधायची आणि दोन टोकांच्या मध्ये वाहिनीवरचंच पातळ आवरण ओढून घ्यायचं. हे आवरण महत्त्वाचं, नाहीतर टोकं पुन्हा जुळण्याचा धोका वाढतो. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. अर्धा-एक तास थांबून माणूस चालत घरी जातो.

"अशक्तपणा येतो, जड काम होत नाही" हे गावोगाव ऐकू येतं. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या वाहिनीतून नाही. त्यामुळे ताठरता, इच्छा, ताकद यांना धक्का लागत नाही. वीर्य येतंच, कारण शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा असतो. मग त्रास झालेले लोक खोटं बोलतात का? नाही. बरेचदा घडतं असं की दुसऱ्याच दिवशी पोती उचलली जातात किंवा सायकल दामटली जाते. आत रक्त साकळतं, सूज येते, दुखणं लांबतं. दोन दिवस पूर्ण विश्रांती, घट्ट लंगोट किंवा चड्डी, आठवडाभर ओझं आणि सायकल बंद, एवढं पाळायचं. सूज वाढत चालली, ताप आला, पू दिसला तर थेट दवाखाना. हायड्रोसिल (अंडकोशात पाणी साठणं), मोठा हर्निया किंवा तिथल्या कातडीला संसर्ग असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं.

सगळ्यात मोठी चूक मात्र ऑपरेशननंतरची. नसबंदी त्याच दिवशी लागू होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात शुक्राणू शिल्लक असतात. म्हणून तीन महिने निरोध वापरायचाच आणि मग वीर्यतपासणी करायची. शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट आला, की मगच काम झालं. ही तपासणी लाजेपोटी राहून जाते. मग बायकोला दिवस जातात आणि बोट तिच्या चारित्र्याकडे जातं. याची मला मनापासून चीड आहे. अशा वेळी आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. रिपोर्ट स्वच्छ आल्यानंतरही क्वचित वाहिनी पुन्हा जुळते. बाईचं ऑपरेशनही क्वचित फसतं. ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली तर "काही नसेल" म्हणून बसून राहू नका. गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो, आणि नलिका फुटली तर जिवावर बेततं.

पुरुषांच्या मनातल्या भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत जबरदस्तीनं नसबंद्या झाल्या. 1976 मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. त्या दहशतीनंतर सगळा भार बायकांवर सरकला. 2014 साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या शिबिरांनंतर तेरा बायका गेल्या. एकट्या सर्जननं काही तासांत 83 जणी उरकल्या होत्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितलं.

"सिझर आहेच, त्यातच उरकून टाका" हेही टेबलावर ठरवायचं नसतं. तिनं सातव्या-आठव्या महिन्यात शांतपणे ठरवलं असेल तर हरकत नाही. कळा सुरू असताना सासूनं सांगितलं म्हणून घेतलेली सही मला मान्य नाही. नलिका पुन्हा जोडता येतात, पण मूल राहीलच याची खात्री कुणी देत नाही, पुरुषाचंही तसंच. थोडाही किंतु असेल तर तांबी बसवा. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, 380ए प्रकारची दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते.

सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं. नियमानुसार संमतीची सही करणाऱ्याची स्वतःची लागते, जोडीदाराची सक्ती नाही. वीर्यतपासणीनंतर मिळणारं प्रमाणपत्र मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढं ऑपरेशन फसलं तर नुकसानभरपाईच्या अर्जाला ते लागतं.