सिंधी टाका, कोपऱ्याची नक्षी आणि धुळ्याच्या ताई

ताई,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. रात्री पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी माझ्या लेखात सिंधी टाका, म्हणजे आधी दोऱ्याचा पाया घालून त्यावर दुसरा दोरा विणायचा तो भरतकामाचा टाका, फोटोंसकट फोडून दाखवला, त्यामुळे क्लास चालवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला, फुकटच्या विद्येची किंमत राहत नाही, आणि कोपऱ्याची ती नक्षी माझी नव्हेच.

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. नक्षी एका क्लासच्या नमुन्यावरून उतरवली होती आणि त्या बाईंना विचारलं नव्हतं. टाका सगळ्यांचा असतो, नक्षी मात्र कुणीतरी दहादा खोडून जुळवलेली असते. लेखातलं तिचं ट्रेसिंग काढून टाकलंय. बाईंना फोनही केला. हसल्या, पण लागलं होतं त्यांना, ते आवाजात कळलं.

टाक्याचं मात्र पटत नाही. मला तो जळगावात शेजारच्या काकूंनी शिकवला. त्यांचे आईवडील 1947 नंतर सिंधमधून आलेले. हाच टाका कच्छमध्ये आहे आणि तिकडे मूळच्या तुर्कस्तानातल्या मराश शहरच्या आर्मेनियन बायकांच्या भरतकामातही आहे. मग तो कुणा एकीच्या क्लासचा कसा?

त्याआधी मीही एक क्लास केला होता. तिथे पाया शिकवला, म्हणजे मच्छीकाट्याच्या, तिरक्या फुल्याफुल्यांच्या टाक्याच्या, दोन ओळी एकमेकींत अडकवायच्या. विणायची वेळ आली की बाई कापड ताणून धरायची रिंग स्वतःकडे घेत, "हे मी करून देते." महिनाभर फी भरून मला पाया तेवढा आला, आणि तोही चुकीचा. दुसऱ्या ओळीचा दोरा पहिलीतून वर-खाली, वर-खाली असा जायलाच हवा. एका फुलीवर क्रम उलटला की पुढे वेढा अडकायला जागाच उरत नाही. मला वाटायचं, माझ्याच हातात खोट आहे.

आमच्या सासूबाई कुठलंही भरतकाम दिसलं की म्हणतात, "मांगनी बाजू दखाड." बहुतेक टाके मागून बघून उकलतात, आपण सगळ्याच तशा चोरून शिकलोय. सिंधी टाक्याचं तसं नाही. विणायचा दोरा कापडातून जातच नाही, पायाच्या दोऱ्यांतूनच फिरतो. मागे दिसतात फक्त पायाचे बारके टाके. कुणी दाखवल्याशिवाय हा टाका येणं कठीण, म्हणून तर मी तो दाखवला.

काकूंची युक्ती लेखात राहून गेली होती, ती इथे देते. विणताना सुई उलटी धरायची, नेढं पुढे. टोक पुढे असलं की पायाच्या दोऱ्याचे पदर फुटतात आणि कापडही टोचलं जातं. सहा पदरी दोऱ्यापेक्षा पिळाचा 8 नंबरचा पर्ल कॉटन बरा, तो फुटत नाही. आणि पाया सैलसर ठेवायचा, विणाई तो आपोआप ओढून घेते. मी शहाणी लेखात "पाया घट्ट घाला" लिहून बसले होते! चाळीसगावच्या एका वाचक मैत्रिणीचा रुमाल आक्रसला, तेव्हा तिने कळवलं. टाका झाकून ठेवला असता तर माझी ही चूक मला कोण सांगणार होतं?

फुकटाचं म्हणाल तर काकूंनी एक पैसा घेतला नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा मात्र हक्काने मागून घ्यायच्या. त्या विद्येची किंमत माझ्या लेखी आजही कमी झालेली नाही.

पण "यासाठी क्लासची गरज नाही" हे माझं वाक्य उद्धट होतं, ते मागे घेते. दोरा किती ओढायचा हे फोटोत दिसत नाही, शेजारी बसूनच कळतं. मे महिन्यात 44 अंशांत बोटांना घाम सुटतो तेव्हा तर काकूही पावडर लावून बसायच्या आणि तरी दोनदा उसवायच्या.

दिवाळीनंतर धुळ्याला भाचीकडे येणार आहे. नवा कोपरा मीच काढलाय, पण वळणावर माझे वेढे अजून विरळ पडतात. दुपारी तुमच्याकडे आले तर चालेल का? फी सांगा, देईन. फक्त रिंग माझ्याच हातात राहू द्या.