काकांच्या नावाने पोडियम नको

आज सकाळी आपल्या सायकल ग्रुपवर यंदाच्या राइडचं पोस्टर आलं. वर आपल्या सगळ्यांच्या काकांचा हसरा फोटो, त्याखाली ‘स्मृतिप्रीत्यर्थ’, आणि त्याच्याही खाली मोठ्या अक्षरांत टायमिंग चिप, पहिल्या तिघांना ट्रॉफी आणि रोख बक्षीस. डोकंच फिरलं. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, म्हणून आता लिहायला बसले आहे.

ज्या माणसाने ‘पहिला कोण आला?’ हा प्रश्न कुणाला तोंडातून काढू दिला नाही, त्याच्या नावाने नंबर काढणार आपण?

काका सगळ्यांना मार्गी लावायचे आणि स्वतः सर्वांत शेवटी निघायचे. माझी त्यांची खरी ओळख त्यामुळेच झाली. रात्रीचा टप्पा, मागचं चाक पंक्चर, पुढे गेलेल्यांचे लाल दिवे दिसेनासे झालेले. मी चाक काढून बसले होते, तेवढ्यात मागून काका आले. सायकल आडवी टाकली, ग्लोव्ह काढला आणि टायरच्या आतून बोटाचं टोक फिरवायला लागले, अगदी सावकाश. एका जागी थांबले, पण काही बोलले नाहीत. टायर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता तू शोध.” ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसाएवढी बारीक तार होती. ती चिमट्याने उपटेपर्यंत त्यांनी नवी ट्यूब पिशवीतून काढूसुद्धा दिली नाही. तार आत राहिली तर नवी ट्यूबही तिथेच जाणार, हे मला तेव्हा कळलं. आज मी प्रत्येक नवख्याला हेच शिकवते.

आता सांगा, चिपने यातलं काय मोजलं असतं? माझा गेलेला वेळ. आणि काकांचा नंबर? दरवर्षी शेवटचा.

हे काही आपलंच खूळ नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स, त्यांच्यात जगभर हीच रीत आहे. २०० किमीला साडेतेरा तास, १२०० किमीला ९० तास. त्या वेळेत या, बस. साठ तासांत आलेला आणि एकोणनव्वद तासांत आलेला, दोघांची नोंद सारखीच, क्रमांक नाही. अमेरिकेत आयोवामध्ये १९७३ साली जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोन पत्रकारांनी वाचकांना ‘चला आमच्याबरोबर’ म्हटलं आणि त्यातून रॅगब्राय ही राज्य ओलांडणारी सायकल राइड सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीचं कोण लोकांच्या लक्षात राहिलं? ८३ वर्षांचे क्लॅरन्स पिकर्ड. जुनी लेडीज सायकल घेऊन आले आणि शेवटच्या गावापर्यंत गेले. सगळ्यांत आधी कोण पोहोचलं, हे विचारायला कुणी जात नाही. कॉल २०१८ मध्ये गेले, कॅरस २०२१ मध्ये. राइड अजून चालू आहे आणि अजूनही ती रेस नाही.

मान्य, वेगाने चालवणं हा गुन्हा नाही. मलाही उतारावर सायकल सोडायला आवडते. ॲम्ब्युलन्सला, सपोर्ट व्हॅनला पैसे लागतात आणि ते प्रायोजकांकडूनच येतात, हेही कळतं. मग त्यांची नावं जर्सीवर घ्या, बॅनरवर घ्या. रेस हवी तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने भरवा, मी पाणी वाटायला येईन. पण हीच राइड कशाला?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पोस्टर करणारी मुलंही काकांवर जीव टाकणारीच आहेत, मला माहीत आहे. त्यांना काहीतरी मोठं करायचं होतं. पण त्यातली बरीचशी पुढे असायची, त्यांनी काकांना निघताना आणि पोहोचताना पाहिलंय. मधले तास आम्ही मागच्यांनी पाहिलेत.

त्या रात्री चाक बसवल्यावर काका माझ्या मागे, जरासे उजवीकडे राहिले. का, ते थोड्या वेळाने कळलं. माझा दिवा मंद होत चालला होता आणि त्यांच्या दिव्याचा उजेड बरोबर माझ्या पुढच्या चाकाच्या पुढे पडत होता. मी हळू झाले की ते हळू. चढावर मी उतरून चालायला लागले, तर तेही उतरले. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. वेळ संपत आली होती हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं! हे आठवलं की ते पोस्टर पुन्हा डोळ्यांपुढे येतं आणि पुन्हा संताप होतो.

काकांसाठी काही करायचंच असेल तर एक करा. शेवटचा माणूस येईपर्यंत फिनिशची कमान उतरवू नका. मागच्या वेळी काका नव्हते, आणि लोक रस्त्यावर असतानाच टेबलं उचलायला सुरुवात झाली होती. मला ते फार लागलं.

आणि त्यांची शेवटची जागा रिकामी ठेवू नका. टप्प्याटप्प्याने वाटून घेऊ. स्वीपला, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून मागच्यांना सांभाळायला, दोघं हवेत, जवळ जादा ट्यूब, पंप, चिमटा आणि चांगला दिवा. रात्रीच्या टप्प्याला मी माझं नाव दिलं आहे. जोडीला अजून कुणी नाही. पहाटेचा टप्पाही मोकळा आहे. ज्यांना जमेल त्यांनी रविवारच्या मीटिंगआधी मला फोन करा. चिप आणि ट्रॉफीचा विषयही तिथेच काढणार आहे, तेव्हा ज्यांना माझं पटतंय त्यांनी घरी बसून लाइक करू नका, मीटिंगला या.