‘चोरी रक्तातच असते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तालुक्यात दोन घरफोड्या झाल्या की हा मेसेज फिरायला लागतो. या आठवड्यात मला तिघांनी पाठवला, त्यातले दोघे माझ्यासारखेच वकील! मजकूर थोडक्यात असा : ‘पारध्यांसारख्या जमातींच्या रक्तातच चोरी असते. इंग्रजांनी उगाच यादी केली नव्हती. शास्त्रानेही हे सिद्ध केलंय. पोलिसांचं रेकॉर्ड काढा, तीच तीच नावं निघतील.’

आधी ती यादी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात माणसाने काय केलं, हा प्रश्नच नव्हता. जमात यादीत असली की नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्याशिवाय हद्द सोडू नका. यादी चुकली म्हणून कोर्टात दाद मागायचीही सोय नव्हती. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती, ‘सेटलमेंट’ हे नाव तिथे अजून टिकून आहे. या सगळ्यामागचा तर्क काय, तर सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. अहो, पण सुताराचं पोर रंधा हातात घेऊन जन्मत नाही, बापाच्या हाताखाली शिकतं. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला.

शास्त्राचं उत्तर दोन ओळींत संपतं. लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने १८७६ साली कवट्या आणि जबडे बघून ‘जन्मजात गुन्हेगार’ मांडला. इंग्लंडमध्ये गोरिंग नावाच्या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली, आणि असा वेगळा शारीरिक नमुना सापडत नसल्याचं १९१३ साली छापलं.

खरी गंमत आपल्याच कायद्यात आहे. लग्नात जेवण उरकून तुम्ही घाईत दुसऱ्याच्या चपला घालून घरी आलात. वस्तू दुसऱ्याची, त्याची संमती नाही, उचलून नेली, तरी ही चोरी नव्हे, कारण लबाडीचा इरादा नव्हता. घरी आल्यावर चूक कळली आणि ‘बऱ्या आहेत’ म्हणून ठेवून घेतल्यात, तर मात्र अपहार. चपला त्याच, पाय तेच, बदललं ते फक्त मन. म्हणून कोर्ट कृत्य आणि इरादा या दोन्ही गोष्टी बघतं, आणि त्याही त्या एका माणसाच्या. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही, हे जुन्या दंड संहितेत होतं आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. रक्तातली चोरी सातव्या वाढदिवसाची वाट बघत थांबते का?

मग पालांवरचं कोणीच चोरी करत नाही? करतात काही जण. बंगल्यांतलेही करतात, तिथे त्याला घोटाळा म्हणतात. पण पोटाचा हिशोब मांडा. फासेपारध्याचा धंदा तितर-लाव्यांना फासे लावायचा. १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने शिकार जवळपास पूर्ण बंद झाली. कायदा जंगलासाठी योग्यच. पण बापाने शिकवलेलं एकुलतं एक काम गुन्हा ठरलं, हातात जमीन नाही, गाव पाल टिकू देत नाही, कामावर ठेवायला कोणी तयार नाही. यात रक्त कुठे आलं?

राहिलं रेकॉर्ड. आरोपीचा लौकिक वाईट आहे, एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही, पुरावा कायदा ते विचारातच घेऊ देत नाही. आरोपीने स्वतःच चांगल्या चारित्र्याचा दाखला दिला तर गोष्ट वेगळी. ठाण्यात मात्र उलटं चालतं. परवाच्या घरफोडीनंतर गावाबाहेरच्या पालावरून दोन पोरं चौकशीला नेली. एकाची आजी प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि जातीचा दाखला घेऊन माझ्या टेबलाशी आली. दाखला दाखवला तर सुटेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तो न दाखवता सोडवू, म्हटलं. चौथ्या दिवशी दोघं सुटली, माल दुसरीकडेच सापडला. ठाण्याच्या वहीत त्यांची नावं मात्र तशीच आहेत.